हवाई सल्ले

एप्रिल महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे तीन गोष्टी नेमाने येतात. देवगडचा म्हणून कर्नाटकातला आंबा येतो, शाळेकडून पुढच्या वर्षाच्या फीचं पत्रक येतं आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीत ‘सुट्टीत विमानाने जाताय? मग हे वाचाच!’ हा लेख येतो. आंब्याबद्दल आणि फीबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे. या तिसऱ्या वाङ्मयप्रकाराकडे मात्र मराठी समीक्षेचं अजून लक्ष गेलेलं नाही. ज्या कविता त्या कवीच्या बायकोनेही वाचलेल्या नसतात त्यांच्यावर प्रबंध निघतात. पण ज्याचं कात्रण काढून लोक फ्रिजवर लावतात, त्या लेखनावर परीक्षणाचा एक परिच्छेद नाही.

मी समीक्षक नाही. मी बी.कॉम. आहे आणि एका बँकेत काउंटरवर बसतो. पण आलेला कागद दोन्ही बाजूंनी वाचायचा, आकडा आणि अक्षर जुळतं का ते पाहायचं आणि खाली सही कोणाची ते तपासायचं, एवढी सवय नोकरीने लावली आहे. समीक्षेला याहून जास्त काही लागत असेल तर तज्ज्ञांनी कळवावं.

या लेखांचं रूप ठरलेलं आहे. वर एक फोटो असतो. आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी. चौघेही हसत असतात, आणि चौघांत मिळून चाकांची एक बॅग असते. आजी नसते. खाली सल्ले असतात, ते सात किंवा दहा. सहा किंवा नऊ सल्ले असलेला लेख माझ्या पाहण्यात नाही. भाषा सगळी आज्ञार्थी : टाळा, करा, ठेवा, पोहोचा. आज्ञार्थाचा इतका मोकळा वापर मी फक्त आमच्या मुख्य कार्यालयाच्या परिपत्रकांत पाहिला आहे.

माझा मुख्य आक्षेप आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पान उलटायचंय त्यांना उलटता येईल. हा लेख ज्या माणसासाठी लिहिलेला असतो, नेमका तोच माणूस तो पाळू शकत नाही. ज्याला पाळणं शक्य आहे त्याला शाळेत जाणारी मुलं नसतात, आणि मग तो मे महिन्यात विमानात बसतो कशाला?

पहिला सल्लाच घ्या. ‘गर्दीचे दिवस टाळा. शनिवार-रविवारऐवजी मंगळवार-बुधवार निवडा. शक्य असल्यास सुट्टीच्या थोडं आधी किंवा नंतर जा.’ सुट्टीत जाणाऱ्याने सुट्टीच्या आधी किंवा नंतर जावं! पोहायला शिकणाऱ्याने शक्यतो पाणी टाळावं, त्यातला प्रकार. आमचं उदाहरण सांगतो. माझे चिरंजीव राज्य मंडळाच्या शाळेत आहेत आणि कन्या केंद्रीय मंडळाच्या. (हे कसं झालं, हा वेगळ्या लेखाचा आणि घरातल्या शांततेचा विषय आहे.) एकाची शाळा मेच्या सुमारास मिटते ती जूनच्या मध्यावर उघडते. दुसरीचं नवं वर्षच एप्रिलमध्ये सुरू होतं, महिनाभर शिकवल्यासारखं करतात आणि मग सुट्टी देतात. दोन्ही सुट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या तर सामाईक असे तीनेक आठवडे निघतात. त्यावर आमच्या शाखेचा रजेचा तक्ता ठेवायचा. मे महिन्यात रजा सगळ्यांनाच हवी असते. हेडकॅशिअरच्या घरी लग्न असतं, ते नसलं तर मुंज असते. उरलेल्यांत सेवाज्येष्ठता पाहतात. असं सगळं चाळणीतून गाळून माझ्या वाट्याला येतात नऊ दिवस : एका शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत. त्यात मंगळवारी निघायचं म्हणजे दार्जिलिंगला टायगर हिलवरून सूर्य उगवायच्या आत परतीच्या वाटेला लागायचं.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न कोर्टात गेला. माझा मावसभाऊ तिकडे असतो, त्याने सांगितल्यावर मी नीट वाचून घेतलं. एका बापाने मुलीला शाळा चालू असताना आठवडाभर फ्लोरिडाला नेलं. दंड भरायला नकार दिला. खालच्या कोर्टांनी त्याची बाजू घेतली, पण २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमाप्रमाणे हजेरी, असं न्यायमूर्ती म्हणाले. २०२४ पासून तिथे दंड आहे ८० पौंड, तोही दर मुलामागे आणि दर पालकामागे, आणि तोही तीन आठवड्यांत भरलात तर. आमचा मावसभाऊ मूळचा चिपळूणचा. त्याने कागदावर मांडणी केली. दोन मुलं, दोन पालक, एकूण ३२० पौंड. सुट्टीतल्या आणि सुट्टीबाहेरच्या तिकिटांतला फरक याहून जास्त. म्हणजे दंड हा प्रवासखर्चातच धरायचा. मी त्याला म्हटलं, “अरे, तीन वर्षांत दुसऱ्यांदा सापडलास तर दंड दुप्पट आणि तिसऱ्यांदा सरळ खटला.” तो म्हणाला, “दादा, दोनदाच जायचंय.”

जर्मनीत मात्र हा सल्ला आईबापांना न देता राज्यांना दिला गेला. तिथल्या सोळा राज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या एकाच दिवशी सुरू होत नाहीत. वर्षानुवर्षं आधी तक्ता ठरवून त्या पुढेमागे केलेल्या असतात, म्हणजे सगळा देश एकाच शुक्रवारी रस्त्यावर येत नाही. फ्रान्समध्ये हिवाळ्याच्या आणि वसंताच्या सुट्टीसाठी देशाचे अ, ब, क असे तीन भाग पाडले आहेत. आपल्याकडे विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, पण ते काम सूर्याने केलंय, शिक्षणखात्याने नव्हे. तेव्हा ‘गर्दीचे दिवस टाळा’ हा सल्ला मूळचा वाईट नाही. त्यावर पत्ता चुकीचा घातला गेला आहे. आमच्याकडे अशी पाकिटं आली की आम्ही त्यावर शेरा मारून परत पाठवतो.

दुसरा सल्ला : ‘तिकीट लवकर काढा.’ इथे मात्र माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. आमच्या शाखेत मुदत ठेवीच्या व्याजाचा दर भिंतीवरच्या फलकावर लिहिलेला असतो. कोणीही यावं आणि वाचावं. ज्येष्ठ नागरिकांना थोडा जास्त, तोही तिथेच लिहिलेला. समजा, एखादे पेन्शनर आजोबा आले आणि मी त्यांना म्हटलं, “आजोबा, तुम्ही पायरी चढलात तेव्हा दर सात होता. तुम्ही चष्मा पुसेपर्यंत साडेसहा झाला. आणि या दराने आता दोनच पावत्या शिल्लक आहेत, तुमच्यासारखेच अकरा जण हा दर आत्ता पाहताहेत.” तर आजोबा काठी उचलतील आणि मॅनेजरसाहेब त्यांचीच बाजू घेतील. विमानाच्या तिकिटाला मात्र आपण हे सगळं मुकाट्याने सोसतो. सौभाग्यवती “घेऊ या का?” म्हणते, मी “थांब, रजा मंजूर होऊ दे” म्हणतो, आणि रजा मंजूर होते त्या दिवशी तेच तिकीट चार हजारांनी मोठं झालेलं असतं. शेजारच्या दोन वर्षांच्या मुलानेही चार महिन्यांत इतकी वाढ दाखवलेली नाही.

यामागचं शास्त्र जुनं आहे. बीओएसी नावाची ब्रिटिश विमानकंपनी होती. तिच्यातल्या केन लिटलवुड यांनी १९७२ साली एक साधा नियम मांडला. स्वस्त जागा विकायच्या, पण कुठवर? पुढे कोणीतरी महाग तिकीट घेणारा येईल याची शक्यता किती आणि त्याचं भाडं किती, यांचा गुणाकार करायचा. तो आकडा आत्ताच्या स्वस्त भाड्याहून मोठा झाला, की स्वस्त खिडकी बंद. हिशेब म्हणून यात चूक काढायला जागा नाही. आमच्या कॉलेजातल्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी यावर हमखास दहा मार्कांचा प्रश्न घातला असता. आता मे महिन्याकडे पाहा. महाग तिकीट घेणारा येण्याची शक्यता किती? तो येणारच. त्याच्या येण्याची तारीख त्याच्या मुलांच्या शाळेने छापून वाटली आहे. कंपनीला अंदाज करायचं कारणच उरत नाही. गिऱ्हाईक उंबऱ्यावर येण्याआधीच त्याचा खिसा मोजून झालेला असतो.

आपल्याकडे हे नेहमी असंच होतं असं नाही. १९५३ च्या कायद्याने विमानसेवा सरकारी झाली आणि तो कायदा १९९४ साली रद्द झाला. त्यानंतर भाडं ठरवणं कंपन्यांकडे गेलं. तरी सरकार अधूनमधून मधे पडतं. टाळेबंदीनंतर २५ मे २०२० ला विमानं पुन्हा उडायला लागली तेव्हा भाड्याला वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा घातल्या, त्या ऑगस्ट २०२२ अखेर उठल्या. मग डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं हजारांनी रद्द झाली, उरलेल्या विमानांची तिकिटं आभाळाला भिडली, आणि सरकारने तात्पुरती कमाल भाडी जाहीर केली : ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, पुढे टप्प्याटप्प्याने वाढत १,५०० किलोमीटरच्या वर अठरा हजार, कर वेगळे. म्हणजे भाड्याला वरची रेघ ओढता येते, हे सिद्ध झालंय. फक्त त्यासाठी आधी हाहाकार व्हावा लागतो. मे महिन्यातला आमचा हाहाकार दरवर्षीचा आणि वेळापत्रकाप्रमाणे असल्यामुळे तो हाहाकारात मोजत नाहीत.

बँकेत आम्हाला एलएफसी मिळते. घरच्यांना घेऊन फिरून यायचं भाडं बँक देते. आमच्या हुद्द्याला ते आगगाडीच्या हिशेबाने मिळतं. विमानाने जा, हरकत नाही, वरचे पैसे तुमचे. मुंबईहून न्यू जलपाईगुडीला आगगाडीने दीड दिवसावर लागतो. जाऊन-येऊन नऊ दिवसांतले साडेतीन दिवस रुळांवर गेले की दार्जिलिंगला फक्त चहा प्यायला उतरायचं. म्हणून आम्ही बागडोग्याचं विमान घेतलं. बागडोगरा हे गाव म्हणजे दार्जिलिंग आणि गंगटोकची खालची पायरी, आणि तिथला विमानतळ हवाईदलाच्या तळावर आहे.

तिकीट काढताना एक गोष्ट कळली, जी सल्ला-लेखांत मला कधीच दिसली नाही. पाच माणसांची तिकिटं एकदम मागितली तर संगणक पाचही जागा मिळतील अशा भाड्याच्या खान्यात जातो. स्वस्त खान्यात दोनच जागा उरल्या असतील तर त्या बाजूला ठेवून पाचही जणांना वरचा भाव लावतो. म्हणून आधी दोन आणि मग तीन अशी काढली तर कधीकधी स्वस्त पडतात. मी खूश झालो. लगेच दुसरं कलम सापडलं. एप्रिल २०२४ मध्ये विमानवाहतुकीच्या महासंचालनालयाने कंपन्यांना बजावलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्यायला हवी. उत्तम निर्णय. पण कधी? दोघं एकाच बुकिंगवर असतील तेव्हा. म्हणजे आधी पैसे वाचवायचे का मुलगी, हे ठरवायचं. आम्ही कन्येला आईच्या बुकिंगवर घातलं. चिरंजीव आता चौदा वर्षांचे असल्यामुळे त्यांनी आमच्यापासून जास्तीत जास्त लांबची जागा स्वतःच मागून घेतली.

सामानाविषयीचा सल्ला मात्र मी आदराने वाचतो. ‘हलकं सामान घ्या. जाणारं पंधरा किलो, हातातलं सात.’ यात काही चूक नाही. चूक एवढीच की हे लेख आमची आई वाचत नाही. आईच्या मते प्रवासात लागेल ते घ्यायचं नसतं, लागू शकेल ते घ्यायचं असतं. वाटेत कुठल्या देवीची ओटी भरावी लागली तर? म्हणून पिशवीत खण, तांदूळ, हळकुंड, खारीक आणि खोबऱ्याची वाटी होती. काउंटरवरच्या मुलीने “सामानात काही ज्वालाग्राही?” असं विचारलं. आई म्हणाली, “खोबरं आहे हो नुसतं.” मुलगी दचकली. कारण सुकं खोबरं हा आंतरराष्ट्रीय यादीप्रमाणे आपोआप पेट घेऊ शकणारा माल आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीत त्याला १३६३ हा क्रमांक आहे. तेलाचा अंश असल्यामुळे साठ्याने ठेवलं तर ते आतल्याआत तापतं म्हणे. आईला हे सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग साठ वर्षं आपण स्वयंपाकघरात काय ठेवत होतो?” वाटी विमानतळावर राहिली. ओटी एका वाटीने अपुरी राहिली याचं दुःख तिने गंगटोकपर्यंत नेलं, आणि त्याला वजनाची मर्यादा नव्हती.

बेसनाचे लाडू मात्र हातातल्या पिशवीत होते. क्ष-किरणाच्या पडद्यावर एकसारखे एकवीस गोळे दिसले आणि पट्टा थांबला. जवानाने डबा उघडायला लावला, आत पाहिलं आणि अतिशय गंभीरपणे झाकण लावलं. डबा सुटला, पण आमच्या मागे चाळीस माणसं खोळंबली. त्यांच्या तोंडावर लाडवांविषयी फारसं प्रेम दिसलं नाही.

‘तीन तास आधी पोहोचा’ या सल्ल्याबद्दल अर्थशास्त्रातलं एक वाक्य पुरे आहे. एकाने उभं राहून तमाशा पाहिला तर त्याला जास्त दिसतं, सगळे उभे राहिले तर कोणालाच जास्त दिसत नाही, पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. सगळेच तीन तास आधी गेले की रांग तीन तास आधी सुरू होते. एक तारखेला आमच्याकडे पेन्शनर मंडळी गर्दी टाळायला आठ वाजता येतात. बँक दहाला उघडते. सगळी गर्दी आठला असते, आणि साडेअकराला येणारे एक गृहस्थ पाच मिनिटांत पैसे घेऊन जातात. पण विमानाच्या बाबतीत साडेअकराला येऊन दाखवायची छाती कोणाची? काउंटर एक तास आधी बंद होतो. म्हणून डोंबिवलीचे आम्ही पाच जण मध्यरात्री टॅक्सीत बसलो. मुंबईचं दोन नंबरचं टर्मिनल २०१४ साली सुरू झालं. मोराच्या पिसाऱ्यावरून घेतलेलं त्याचं छत आणि भिंतींवर मांडलेल्या हजारो कलाकृती पाहण्यासारख्या आहेत असं सगळे म्हणतात. मी त्यांतली एकही पाहिली नाही. मी पुढच्या माणसाच्या मानेवरचा तीळ पाहत होतो, कारण रांगेत तो हलला की आपण हलायचं होतं. आईने चाकांची खुर्ची घ्यायला आधी साफ नकार दिला. “मी काय आजारी आहे?” मग रांग पाहिली आणि बसली. सुरक्षा-तपासणी ओलांडून पलीकडे ती आमच्याआधी अर्धा तास पोहोचली, आणि खुर्ची ढकलणारा मुलगा सांगलीचा असून त्याची आई कुठल्या गावची आहे एवढी माहिती आमच्यासाठी तयार ठेवली.

आता एका सल्ल्याचं मनापासून कौतुक करतो, नाहीतर म्हणाल समीक्षक म्हणजे नुसता खडूस. ‘शक्य असेल तर सकाळचं पहिलं विमान घ्या.’ हा सल्ला देणाऱ्याला व्यवहार कळतो. एकच विमान दिवसभरात चार-सहा फेऱ्या मारतं. सकाळी ते रात्रीपासून तिथेच उभं असतं, म्हणून वेळेवर निघतं. पुढच्या फेरीला कुठे सामान चढवायला दहा मिनिटं, कुठे उतरायला परवानगी मिळेपर्यंत वीस मिनिटं, असा उशीर साचत जातो आणि संध्याकाळच्या प्रवाशाला मुद्दल अधिक व्याज मिळतं. मुंबईत त्यातून दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी विमानं वरच घिरट्या घालतात. उशीर चक्रवाढीने वाढतो, हे मला बँकेच्या भाषेत कोणी समजावलं असतं तर मी कधीच संध्याकाळच्या विमानाला हात लावला नसता. आमचं जातानाचं विमान पहाटेचं होतं आणि मिनिटालाही न चुकता सुटलं. कन्या खिडकीशी बसून शेवटपर्यंत झोपली. तिने खिडकीसाठी केलेलं भांडण धरलं तर प्रवासातला सगळ्यात महाग झोपेचा दर तो.

‘मुलांना गुंतवून ठेवा, रंगवायची पुस्तकं द्या’ या सल्ल्यावर मी काही लिहीत नाही. ज्यांनी तो दिला त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीला रंगवायचं पुस्तक देऊन पाहावं.

आता मला मुख्य तक्रारीकडे येऊ द्या. या लेखांत जे लिहिलेलं असतं त्यावर माझा राग कमी आहे. जे नसतं त्यावर जास्त आहे. सातही सल्ले प्रवाशाने काय करावं याचे. समोरच्याने काय द्यायला हवं, याचा एक नाही. शेवटचा सल्ला तर हटकून असा : ‘उशीर झाल्यास संयम बाळगा.’ संयम चांगला आहे. पण आमच्याकडे कोणी पासबुकात चूक दाखवली तर मी त्याला संयम बाळगा म्हणत नाही, नोंद दुरुस्त करून देतो. विमान-प्रवाशांसाठी २०१० सालापासून महासंचालनालयाचे नियम आहेत, ते पुढे वेळोवेळी दुरुस्तही झाले. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास, अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तास उशीर झाला, की कंपनीने खाणंपिणं द्यायचं. सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे परत. वेळेवर येऊनही जागा जास्त विकल्या म्हणून चढू दिलं नाही आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई : चोवीस तासांच्या आत सोय केली तर मूळ भाडं आणि इंधन-आकाराच्या दुप्पट, त्यानंतर चौपट, कमाल अनुक्रमे दहा आणि वीस हजार. हे चार ओळींत मावतं. त्यासाठी रंगवायच्या पुस्तकाचा सल्ला गाळला असता तरी चाललं असतं.

मी हे कागदावर लिहून पाकिटात ठेवलं होतं. परतीचं विमान संध्याकाळचं निघालं (पहाटेचं बागडोग्याहून मिळेना). आधी चाळीस मिनिटं उशीर, मग दीड तास, मग पडद्यावर नुसतंच ‘विलंब’. छोटी इमारत, मे महिना, अर्धा महाराष्ट्र आणि पाऊण बंगाल तिथे. खुर्च्या संपल्यावर लोक बॅगांवर बसले आणि बॅगा संपल्यावर जमिनीवर. तीन तास उलटल्यावर मी पाकिटातला कागद काढून कंपनीच्या टेबलाकडे गेलो. तिथे बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी उभी होती आणि तिच्यासमोर तीस माणसं ओरडत होती. एक गृहस्थ तिला विचारत होते, “तुम्हारी शादी में देर होगी तो चलेगा?” ती “सर, विमान मुंबईहूनच निघालेलं नाही” हे वाक्य हिंदीत आणि इंग्रजीत आलटून पालटून म्हणत होती. तो चेहरा मी कुठेतरी पाहिला होता. मग लक्षात आलं, आरशात पाहिला होता. आमच्या शाखेचा सर्व्हर बंद पडतो आणि टोकन नंबर एकशे चार विचारतो, “कधी सुरू होणार?”, तेव्हा मी हाच लावतो. सर्व्हर मी बंद केलेला नसतो. विमान तिने मुंबईला बांधून ठेवलेलं नव्हतं. ज्याने ते दुपारच्या चार फेऱ्यांत दाबून बसवलं, तो माणूस कुठल्याच टेबलाशी उभा नसतो. त्याची बदली कुठे झाली आहे तेही कोणाला माहीत नसतं.

तरी कागद मी तिच्यापुढे ठेवला, कारण नियम नियम असतो. तो तिने वाचला, मान हलवली आणि फोन उचलला. वीस मिनिटांनी सँडविचं आणि पाण्याच्या बाटल्या आल्या. ओरडणाऱ्या तिसांपैकी एकानेही हे मागितलं नव्हतं, कारण असं काही मागता येतं हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शादीवाल्या गृहस्थांनी दोन घेतली.

आई खुर्चीतून हे सगळं पाहत होती. गर्दी जरा पांगल्यावर ती उठली, लाडवांचा डबा घेऊन टेबलाशी गेली आणि तिच्या खास हिंदीत म्हणाली, “खाव बेटा, सुबह से खडी है तू. घरका है.” मुलगी म्हणाली, “ड्यूटी पे अलाउड नहीं है, आंटी.” आणि इकडेतिकडे बघून तिने लाडू रुमालात गुंडाळून ठेवला.

विमान पावणेचार तास उशिरा सुटलं. घरी पोहोचलो तेव्हा पेपरवाला आमच्या जिन्यातून खाली उतरत होता. त्या दिवशीच्या पुरवणीत पावसाळी सहलींचे दहा सल्ले होते.